खड्डा पयले, मंग रोवणा

मी गाव सोडलं तेव्हा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, जोरात चालू होता. त्यामुळे मला रस्त्यापर्यंत सोडायला घरचं कोणी आलं नाही. भाताच्या गावात त्या पंधरा-वीस दिवसांत माणूस स्वतःचा ताप अंगावर काढतो, मग पुण्याला नोकरीवर निघालेल्या पोरीचं काय कौतुक! बाबा उजाडायच्या आत चिखलणीला गेले होते. आई रोवण्याच्या टोळीतल्या बायांबरोबर निघताना उंबऱ्यातून एवढंच म्हणाली, "डबा घेजो. पोहचली का फोन करजो." मी दाराला कडी घातली, बॅग उचलली आणि तुमसरला जाणाऱ्या गाडीची वाट बघत सिहोऱ्याच्या रस्त्यावर एकटीच उभी राहिले.

एकटी म्हणजे अगदी एकटी नव्हते. रस्त्याला लागूनच शामरावभाऊंची बांधी आहे. बांधी म्हणजे आमच्याकडचं चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेलं भाताचं शेत. त्या बांधीत टोळीतल्या बारा बाया डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेऊन, वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत होत्या. त्यांतली एक माझी आई. आणि धुऱ्यावर माझी नऊ वर्षांची बहीण, चंदा, उभी होती. कमरेपर्यंत जमिनीत.

गाडी आली तशी चंदानं मोठ्यानं "आ" केलं. तिला शब्द येत नाहीत, पण तिचे "आ" वेगवेगळे असतात. भुकेचा वेगळा, रागाचा वेगळा. हा हाक मारण्याचा होता. बाया सरळ झाल्या, आईनं चिखलाचा हात वर केला. चंदाचा हात तिच्या मर्जीनं उठत नाही. तिनं मान उचलली आणि गाडी वळेपर्यंत तशीच धरून ठेवली. त्या दिवशी मला निरोप द्यायला आमच्या घरातलं उभं असं एकच माणूस होतं आणि ते चंदा होतं.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही जे तिथेच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात. निघून आलेल्यांचा आपला एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर दर दिवाळीला धानाच्या लोंब्यांचे फोटो पडतात, मातीचा वास आठवतो, गावच्या तलावावर कविता येतात. मला त्या सगळ्याचा आता संताप येतो. का येतो ते सांगते, आणि स्वतःला वगळून सांगत नाही.

चंदा जन्मली तेव्हा उशिरा रडली. मेंदूला मार बसला असं नंतर कळलं. तीन वर्षांची झाली तरी मान धरेना. पाय ताठ, एकमेकांवर चढलेले. बसवलं की कलंडायची. बुद्धीनं मात्र लख्ख. घरात कोण कोणावर रुसलंय हे तिला आधी कळायचं आणि ती आधी हसायची. तिच्या जन्मानंतर दोन रोवणे आईला घरात बसावं लागलं. मग एक दिवस आईनं तिला जुन्या लुगड्यानं खाटेला बांधलं, वाटीत पाणी ठेवलं आणि कामावर गेली. दुसरं काय करणार होती? आमच्याकडे अशी किती लेकरं खाटांना बांधलेली असतात, ते फक्त शेजारणींना माहीत असतं.

आमची शेजारीण म्हणजे टोळीची म्होरकी, जमनामावशी. काळी, काटक, तोंडाची फटकळ. ती संध्याकाळी आली, लुगड्याची गाठ पाहिली आणि आईला म्हणाली, "लेकरू हाय का बकरी हाय व? उद्यापासून आन वावरात." आई म्हणाली, वावरात कुठे ठेवू? मावशी म्हणाली, "आमी बारा जनी हावो न."

पहिल्या रोवण्यात चंदाला धुऱ्यावर पोत्यावर निजवायचे. मुंग्या चावायच्या, ती घसरत पाण्याकडे जायची. पुढच्या वर्षी एका शेतात धुऱ्यावरचं सागाचं खोड उपटून काढलेलं होतं. मावशीनं सहज म्हणून चंदाला त्या खड्ड्यात उभं केलं आणि भोवती तणस, म्हणजे भाताचा पेंढा, ठासली. चंदाचे पाय आपोआप सरळ झाले. पाठ सरळ झाली. आणि जी मान तीन वर्षं छातीवर पडून होती, ती वर आली. तिला आयुष्यात पहिल्यांदा आई उभ्यानं दिसली. ती इतकं हसली की बाया काम सोडून बघत राहिल्या, असं आई सांगते. सांगताना ती अजून डोळे पुसते.

त्या दिवसापासून टोळी जिथे जाईल तिथे आधी खड्डा. मावशीचं शास्त्र ठरलेलं होतं. धुऱ्याचा उंच, कोरडा कोपरा बघायचा. कमरेपुरतं खोल, अंगापुरतं रुंद. तळाला नाल्याची वाळू, बाजूंनी तणस, काठाला गोधडीची घडी म्हणजे हात टेकता येतात. सकाळी थोडा वेळ, जेवणानंतर थोडा वेळ, बाकी सावलीत. बाया पारीपारीनं येऊन पाय चोळायच्या, लाल झालंय का बघायच्या, पाणी पाजायच्या. जिचे दिवस भरत आलेत किंवा जिची कंबर धरली आहे, ती धुऱ्यावर बसून चंदाबरोबर इतर लेकरांनाही बघायची आणि तिला मजुरी बरोबरीनं मिळायची. संध्याकाळी खड्डा बुजवून, माती पायानं दाबूनच टोळी घरी यायची.

शेतमालकांना हे आवडायचं नाही. धुऱ्यात खड्डा केला की माती सैल होते, खेकडा शिरतो, बांधीतलं पाणी रातोरात वाहून जातं. शामरावभाऊ तर पहिल्या वर्षी फावडं घेऊनच आले होते. मावशीनं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "खड्डा पयले, मंग रोवणा. नसन पटत तं दुसरी टोळी पाह्य." रोवण्याच्या ऐन दिवसांत दुसरी टोळी मिळते कुठे? पुढे ते ठेका ठरवण्याचं वाक्यच झालं. मालक दारात आला की मावशी आधी ही अट सांगायची, मग बाकी बोलणं. ही अट कुठल्या सरकारी योजनेत नव्हती आणि कुठल्या संस्थेनं शिकवली नव्हती. बारा अडाणी बायांनी ती लावली आणि सात वर्षं पाळली.

योजनाही पाहिल्या आहेत आम्ही. तालुक्याला एकदा शिबिर भरलं होतं. बाबांनी मोटरसायकलवर मला मागे बसवलं, मध्ये चंदाला धरलं आणि आम्ही पोहोचलो. टेबलामागच्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "चालते का?" बाबा म्हणाले, नाही. "बोलते का?" नाही. तिला हात लावून कोणी बघितलं नाही. पुढच्या वेळी तिला हातानं पॅडल मारायची तीनचाकी मिळाली. जिच्या मुठी उघडत नाहीत तिला हातानं चालवायची सायकल! पाहुण्यांबरोबर फोटो झाला. तीनचाकी बाबांनी टेम्पोत घालून आणली आणि ती गोठ्यात उभी राहिली. तिच्यावर युरियाची पोती मात्र छान राहायची.

तर असं सगळं मागे ठेवून मी पुण्यात आले. बी.कॉम. होते, विम्याच्या एका ऑफिसात क्लेम तपासायचं काम मिळालं. तीन मुलींबरोबर फ्लॅट शेअर केला, स्विगीवर जेवण मागवायला शिकले, 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' शिकले. पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून "मी येऊन राहिली" गेलं आणि सगळा फ्लोअर हसला. वाईट हेतूनं नव्हते हसले. पण त्यानंतर मी बोलण्याआधी वाक्य मनात तपासायला लागले, क्लेम तपासावा तसं. दोन वर्षांत कोणी ओळखू शकत नव्हतं की मी कुठली आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा. लाज वाटते सांगायला, पण वाटायचा.

तिसऱ्या वर्षी रोवण्याच्या दिवसांतच तो फोटो आला. कोणीतरी आपल्या रस्त्यानं गाडीतून चाललं होतं. थांबलं, काच खाली केली, फोटो काढला, गेलं. गाडीतून उतरून धुऱ्यापर्यंत वीस पावलं चालायला नको, एका बाईला विचारायला नको. फोटोत जमिनीतून वर आलेली एक मुलगी, मान तिरकी, तोंड उघडं, मागे वाकलेल्या बाया. खाली लिहिलं होतं की मजुरीसाठी चिमुकलीला जमिनीत गाडलं. ग्रहणात लेकरांना गळ्यापर्यंत पुरण्याच्या बातम्या लोकांनी वाचलेल्या असतात, त्यामुळे हीसुद्धा तसलीच अंधश्रद्धा असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. फोटो फिरत फिरत आपल्या ग्रुपवर आला. तुम्हीच टाकलात तो. त्याखाली तुम्ही काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. गावाचं नाव घालवलं. असल्या बायांना आत टाकलं पाहिजे. म्हणूनच आपण बाहेर पडलो.

तुमच्यातले चौघं तरी असे होते ज्यांनी लहानपणापासून चंदाला त्या धुऱ्यावर बघितलं होतं. तुम्ही लिहिलं असतं की थांबा, ही आपल्या गावची चंदा, तिला गाडलेलं नाही, तिला उभं केलंय! एकानंही लिहिलं नाही.

आता माझं ऐका. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तो फोटो माझ्यासमोर धरला. म्हणाली, "अगं, हे तुमच्याच भागातलं ना? किती भयानक." माझ्या हातात घास होता. मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती हसत होती. फोटो काढणाऱ्याकडे बघून हसत होती, तिला वाटलं असेल पाहुणे आले. आणि मी म्हणाले, "हो, खूप मागास भाग आहे."

एवढंच. घास खाल्ला आणि डबा बंद केला.

संध्याकाळी मी घरी फोन लावला. बाबांनी सांगितलं की एक साहेब जीपनं येऊन गेले, टोळीच्या सगळ्या बायांचे एका कागदावर अंगठे घेतले, पुन्हा असं केलं तर गुन्हा दाखल होईल म्हणाले. मी म्हणाले, बरोबरच आहे त्यांचं. मावशीला फोनवर बोलावलं. तिला म्हणाले, "मावशी, खड्डा बंद करा आता. लोक काय काय बोलताहेत. चंदाला घरी ठेवा, मी व्हीलचेअर पाठवते."

मावशी म्हणाली, "तू तं पाहिली हाय न तिले उभी. तुले तं माईत हाय."

"माहीत आहे, पण ते बरं दिसत नाही."

"बरं बाई," ती म्हणाली, "तू शिकलेली हाय."

व्हीलचेअर मी पाठवली, चांगली, घडीची. आमच्या घराला उंबरा आहे, अंगणाला उतार आहे आणि अंगणापुढे चार महिने चिखल आहे. ती एकदा अंगणात उतरली आणि तीनचाकीशेजारी गेली. पहिला रोवणा आई घरात बसली. मग तिनं पुन्हा ते जुनं लुगडं काढलं. चंदा खाटेवर दिवसभर छताकडे बघत पडायची. फोनवर आई म्हणायची, ती आता आवाज करत नाही. मला वाटायचं मोठी झाली, शहाणी झाली. मी व्हिडिओ कॉलवर तिला "गुड गर्ल" म्हणायचे.

चौदाव्या वर्षी चंदाचे गुडघे पूर्ण आखडले. मग मी तिला आणि आईला पुण्याला आणलं. बाबा शेताला राहिले. मी वडगावात वन बीएचके घेतला होता, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट होती पण चालू क्वचित असायची. मुलांच्या एका सेंटरमध्ये नाव घातलं. तिथली फिजिओथेरपिस्ट तरुण होती, हातानं हळुवार. तिनं चंदाला जमिनीवर निजवलं, पाठीवरून, कमरेवरून, पायांवरून सावकाश हात फिरवला. चंदाला असं हात लावून बघणारी ही पहिली डॉक्टरीणबाई. मग तिनं मला विचारलं, "हिला आधी कोण उभं करत होतं?"

मी चंदाचा फ्रॉक सारखा करू लागले.

"कोणीतरी करत होतं. पाठ बघा, किती सरळ आहे. अशा मुलांची नसते हो अशी. कोणीतरी बरीच वर्षं नेमानं हिला उभं केलंय, आणि मग सोडून दिलंय. का सोडलं?"

सेंटरच्या कोपऱ्यात एक लाकडी चौकट होती. एका छोट्या मुलीला त्यात उभं केलं होतं, छातीला पट्टा, गुडघ्यांना उशी, काठावर हात टेकायला फळी. तिच्यासमोर तिची आई बसून गाणं म्हणत होती. खड्डा होता तो. लाकडाचा, पॉलिश केलेला, पण खड्डाच होता. थोडा वेळ सकाळी, थोडा वेळ दुपारी, असं त्या आईला लिहून दिलं होतं. चंदानं त्या चौकटीकडे बघितलं आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं "आ" केलं. मला तो आवाज ओळखू आला. तिला त्यात जायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी प्रयत्न केला. गुडघे येईनात. म्हणाल्या, ऑपरेशन करून थोडं सुटेल, पण उभं राहणं आता कठीण दिसतंय. आठ-नऊ वर्षांची असताना दाखवायला हवं होतं, आणि ते जे करत होता ते चालू ठेवायला हवं होतं.

आई शेजारीच होती. रिक्षात बसल्यावर तिनं चंदाचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाहेर बघत राहिली. मला वाटतं तिनं एक थोबाडीत दिली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते.

मग मला राग येऊ लागला आणि तो मी वाटेल त्याच्यावर काढला. गाडीतल्या त्या माणसावर, ज्याला वीस पावलं चालवली नाहीत. जीपमधल्या साहेबावर, ज्याला एवढा कळवळा होता तर त्यानं कागदाबरोबर एक फळीची चौकट का आणली नाही. उभं करू नका म्हणून अंगठे घेतले. मग कसं करा, ते कोणी सांगायचं? आमच्या बायांना दवाखानाही हवा होता आणि खड्डाही हवा होता. दवाखाना तुम्ही दिला नाहीत आणि खड्डा काढून घेतलात. आणि इथे, या शहरात, चंदाला 'स्पेशल चाइल्ड' म्हणतात. फार गोड शब्द आहे. तीन वर्षांत आमच्या मजल्यावरच्या एकाही घरानं तिचं नाव विचारलं नाही. लिफ्टमध्ये लोक तिच्याकडे बघून मोबाइल काढतात, म्हणजे बघायला नको. गावात तिला कधी कोणी स्पेशल म्हटलं नाही, "चंदे, काय पाहून राहिली, पानी पाजू का?" असंच म्हटलं. बारा बायांना तिचे सगळे "आ" कळायचे. इथे ते आईला आणि मला कळतात. मी तर दिवसभर ऑफिसात.

आईला पुणं मानवलं नाही. ती खिडकीतून पार्किंग बघत बसायची आणि म्हणायची, "इथं कोनाले हाक मारू?" चंदा पुन्हा गप्प झाली होती. या वर्षी पाऊस लागल्यावर मी ठरवलं, सुट्टी टाकली आणि दोघींना घेऊन गावी आले. थोडे दिवस, बदल म्हणून, असं मी मनाशी म्हणत होते.

जमनामावशी आता पासष्टीची असेल. कंबर वाकली आहे, तोंड तसंच. चंदाला बघून तिनं तिच्या गालांना हात लावले, मग गुडघ्यांवरून हात फिरवला आणि तो तिथेच थांबला. तिला सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी टोळी कामावर निघाली. त्यांच्यात सविता नावाची नवी सून होती, नाकाडोंगरीकडची. ती घराला बाहेरून कडी घालत होती आणि आतून बारीक रडण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, आत कोण? ती घाबरली. आई हळूच म्हणाली, तिची गुड्डी. तीन वर्षांची. चंदासारखीच.

मी मावशीकडे वळले. माझा आवाज चढला होता. "मावशी, हिच्यासाठी का नाही खड्डा? त्या साहेबाच्या कागदाला अजून भिता? पाच वर्षं झाली त्याला!"

मावशीनं माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "साहेबाच्या कागदाले कोन भ्याते व? तो गेला त्याच दिवशी दुपारी आमी पुन्हा खड्डा केला होता. तू फोन केली म्हून बंद केलं." मग, अगदी साधेपणानं, "तूच तं म्हटली होती. तू शिकलेली हाय."

मी तिथेच मटकन बसले. तीन वर्षं मी ज्या साहेबाला शिव्या देत होते, त्याच्या कागदाला माझ्या गावच्या बायांनी दुपारपर्यंतसुद्धा जुमानलं नव्हतं. त्यांनी माझं ऐकलं. त्यांना वाटलं, पोर पुण्याला राहते, तिला काहीतरी ठाऊक असेल. मला काय ठाऊक होतं? ऑफिसात डबा खाताना मान खाली जाते, एवढंच ठाऊक होतं. त्यापायी मी माझ्या बहिणीचे पाय घालवले, आणि ही गुड्डी, जी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती, तीही माझ्याच फोनमुळे कडीच्या आत होती.

मावशीनं कुदळ माझ्यापुढे टाकली. "बसली काहून? उठ. खोद."

सवितानं कडी काढली. काम शामरावभाऊंच्या त्याच रस्त्याकडच्या बांधीत होतं. चंदाला बाबांनी उचलून आणलं. मी धुऱ्याच्या कोपऱ्यावर कुदळ घातली. आठ वर्षं कीबोर्डवर गेलेले हात, चार घावांत फोड आले. मावशी वर उभी राहून बघत होती. "रुंद नोको करू, पोट्टी हालन. कमरेपुरतं खोल. आता वाळू." शामरावभाऊ आले. म्हातारे झालेत, पण धुऱ्याची काळजी तीच. म्हणाले, "पुन्हा कोनी फोटो काढला तं? मंग कोन जाईन ठान्यात?"

मावशी आणि सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी कुदळ खाली ठेवली आणि म्हणाले, "काढू द्या. खाली माहं नाव लिवा म्हना. खड्डा पयले, मंग रोवणा." आठ वर्षांनी ती बोली माझ्या तोंडातून आली, मनात न तपासता.

गुड्डीला आम्ही सावकाश आत उतरवलं. सविता तणस ठासत होती. थोडा वेळ गुड्डीची मान छातीवरच होती. मग ती वर आली. एकदम नाही, हळूहळू, थांबत थांबत, आणि तिनं समोर बघितलं. सविता तोंडावर पदर धरून बांधीत उतरली, कारण मुलीला आई कामावर उभी दिसायला हवी.

तेवढ्यात चंदानं "आ" केलं. मागे वळून बघितलं तर ती गुड्डीकडे नाही, खड्ड्याकडे बघत होती. तिची पाळी कधी, असं विचारत होती. बाबांनी मान फिरवली. मी तिच्याजवळ बसले आणि तिला सांगितलं की चंदे, तुझे गुडघे आता येत नाहीत त्यात. ते माझ्यामुळे. हे मी तिला पुण्यात तीन वर्षांत सांगितलं नव्हतं. तिला सगळं कळतं. तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग तोंड दुसरीकडे वळवलं, आणि दिवसभर माझ्या हातून पाणी घेतलं नाही. घेऊ नयेच तिनं.

मावशीनं पोत्यांत तणस भरून चंदाला टेकायला पाठ करून दिली आणि तिला खड्ड्याच्या शेजारी बसवलं. दुपारी गुड्डी एका बाजूला कलंडली. बाया लांब होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं. चंदानं असा आवाज काढला की अख्खी बांधी सरळ झाली आणि सविता चिखलातून धावत आली. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "धुऱ्यावर बसाले बाई भेटली. मजुरी बरोबरीची." ती गंमत करत नव्हती. चंदा पुन्हा पूर्वीसारखी हसली, सगळ्यांच्या आधी. माझ्याकडे बघून नाही.

माझी सुट्टी संपली. चंदा आणि आई माझ्याबरोबर परत आल्या नाहीत. ऑपरेशनची तारीख घेतली आहे, त्यासाठी त्या येतील आणि परत जातील. फळीची चौकट मी पुण्यातून सुताराकडून करून घेते आहे, गुड्डीच्या मापाची, घरात वापरायला. ज्यांना ग्रुपवर माती फार आठवते त्यांनी सुट्टीत घरी जावं आणि आपापल्या आळीत बाहेरून कडी असलेलं घर कोणतं ते बघून यावं. तिथे लेकरू असेल तर त्याचं नाव विचारावं. मी तो जुना फोटो ग्रुपवर पुन्हा टाकला आहे. खाली लिहिलं आहे, ही माझी बहीण चंदा, आणि तिला उभं करणं मी बंद पाडलं.

ऑफिसात मला कोणी विचारतं, घर कुठे तुझं? पूर्वी मी नागपूरच्या बाजूला म्हणायचे आणि विषय बदलायचे. आता सांगते, भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, सिहोऱ्याच्या रस्त्याला लागून एक बांधी आहे तिथे. निघाले त्या सकाळी मी पुन्हा त्याच जागी गाडीची वाट बघत होते. बाया वाकलेल्या होत्या. गाडी आली तेव्हा धुऱ्यावरून एक "आ" ऐकू आला, हाक मारण्याचा. गुड्डी मान वर धरून उभी होती. हाक चंदाची होती. ती बसून होती.